वेल्सचा गोंगाट आणि मी धुतलेला गालिचा

ओजस आणि अन्वी,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच ओरडलात, "आजी, तू खरंच हेवी मेटल ऐकायला गेली होतीस?" मग तुमच्या बाबाने फोन घेतला, आणि तो इतका हसत होता की मला काही सांगताच आलं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे. हॅरोचं आमचं घर तुम्हाला पाठ आहे, ब्रिस्टलला आत्याकडे तुम्ही राहून गेला आहात, पण वेल्स तुम्ही पाहिलेलं नाही. खरं म्हणजे मीही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं इंग्लंडात काढली, कौन्सिलच्या ग्रंथालयात वेल्सवरची पुस्तकं कपाटात नीट लावली, आणि पूल ओलांडून पलीकडे जायचं मात्र राहूनच गेलं.

नेलं ते तुमच्या रेवाताईने. ती ब्रिस्टलला विमानाचे भाग तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे हे तुम्हाला माहीत आहे. शनिवार-रविवारी ती ड्रम वाजवते हे आपण घरात जरा हळू आवाजात बोलतो, कारण तिच्या आईला, मंजिरीआत्याला, ते फारसं रुचत नाही. रेवा कार्डिफला शिकत होती तेव्हा तिथल्या तीन मुलांबरोबर तिने एक बँड काढला. त्याचं नाव 'टाल्केन ग्लो'. कोळशाच्या खाणीत अगदी शेवटी जी भिंत असते, जिथे कुदळ चालते, तिला वेल्श भाषेत असं म्हणतात. गेथिन गातो, ओवेन गिटार वाजवतो आणि रिस खालच्या सुरांची बेस गिटार. गाणी सगळी वेल्श भाषेत.

हेवी मेटल म्हणजे काय, हे अन्वीसाठी सांगते. गणपतीच्या आधी तुमच्या सोसायटीजवळ ढोलपथकाचा सराव चालतो आणि खिडकीच्या काचा थरथरतात ना? तेवढा आवाज चारच माणसांनी काढायचा. वर एकाने खोल गळ्यातून गुरगुरायचं. गेथिन एरवी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे आणि अतिशय मऊ बोलतो. तो एवढा आवाज कुठे साठवून ठेवतो, देव जाणे.

ब्रिस्टल, गुरुवार

आजोबांनी गुडघ्याचं कारण सांगून घरीच राहणं पसंत केलं. मी ईलिंग रोडवरच्या आपल्या दुकानांतून पोहे, डाळं आणि कढीपत्ता आणून मोठा डबा भरून चिवडा केला होता, तो घेऊन मी एकटीच निघाले. रात्री जेवताना रेवाने मला या सहलीत नेमकं काय पणाला लागलं आहे ते सांगितलं.

"आजी, वेल्समध्ये पुण्यापेक्षा कमी लोक राहतात. त्यात वेल्श बोलणारे कमी. त्यात मेटल ऐकणारे आणखी कमी. आमचे सगळे फॅन्स मला नावाने माहीत आहे."

पहिली दोन वर्षं त्यांनी एका पबच्या मागच्या खोलीत वाजवलं. ऐकायला मालकाचा कुत्रा असायचा, आणि तोही दुसऱ्या गाण्याला उठून जायचा. मग वेल्श रेडिओने त्यांचं एक गाणं लावलं. मग त्यांच्या देशातल्या मेळ्यांत बोलावणी येऊ लागली. मग कोणीतरी फोनवर काढलेला व्हिडिओ फिनलंड आणि ब्राझीलमधल्या लोकांनी पाहिला. आता शनिवारी सीमेजवळच्या एका मैदानात मोठा कार्यक्रम होता आणि तिथे बिर्गिट नावाची एक जर्मन बाई येणार होती. हिवाळ्यात एक मोठा बँड युरोपभर फिरणार आहे. रोज त्याच्या आधी कोणी वाजवायचं, हे ती ठरवते.

"आणि नाही निवडलं तर?" मी विचारलं.

"तर बँड संपला. ओवेनला बेबी होणार आहे. रिसला स्कॉटलंडमध्ये जॉब मिळाला आहे, त्याने त्यांना वेट करायला सांगितलं आहे. टूर मिळाली तर तो थांबेल. नाही तर ऑक्टोबरमध्ये आम्ही गुडबाय."

मंजिरीआत्या पोळी वाढत होती. "आई, तू हिला जरा समजाव. कंपनी प्रमोशन देते आहे आणि ही अनपेड लीव्ह मागणार. शनिवारी मी येते आहे, पण हे शेवटचं. माझे कान आता साथ देत नाहीत."

"मम, तू इअरप्लग लावत नाही, म्हणून."

"इअरप्लग लावून ऐकायचं तर मग जायचं कशाला?"

मी कोणाचीच बाजू घेतली नाही. पण काहीतरी हातभार लावावा असं वाटत होतं, आणि तो मी त्या दिवशी दुपारीच लावून बसले होते. आत्या आणि रेवा दोघी कामावर असताना मी गराजमध्ये झाडू शोधायला गेले, तर तिथे एक गालिचा गुंडाळून ठेवलेला दिसला. ड्रम सरकू नयेत म्हणून खाली अंथरतात तो. त्याला चिखल आणि सांडलेल्या बिअरचा असा वास होता की मी नाकाला पदर लावला असता, पण अंगात स्वेटर होता. वर ठिकठिकाणी लाल, पिवळ्या, निळ्या चिकटपट्ट्यांचे मळके तुकडे. मी ते एकेक करून सुरीने सोडवले, बागेत पाइप लावून गालिचा साबणाने घासला, कुंपणावर वाळत टाकला आणि संध्याकाळी सुतळीने बांधून जागच्या जागी ठेवून दिला. रेवाला सांगितलं नाही. म्हटलं, उघडेल तेव्हा खूश होईल.

दरीतलं गाव, शुक्रवार

सेव्हर्न नदीवरचा पूल एवढा लांब आहे की मध्यावर दोन्ही काठ धूसर दिसतात. पलीकडे गेलं की पाट्या दोन भाषांत, आणि वेल्श वर. वळणापाशी रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'अराफ' लिहिलेलं. उच्चार 'आराव', अर्थ 'सावकाश', असं रेवाने सांगितलं आणि वळण मुळीच सावकाश घेतलं नाही.

गेथिनचं गाव एका अरुंद दरीत आहे. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा उतारावर जिन्यासारख्या चढत जातात. मागच्या हिरव्या टेकड्या बघून मी म्हटलं, "किती सुंदर डोंगर!" तर रेवा म्हणाली की त्यातले दोन डोंगर नाहीत, खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे ढीग आहेत, त्यावर नंतर गवत लावलं. मेंढ्या मात्र दोन्हींवर सारख्याच निवांत चरत होत्या.

बँडचा सराव चालतो चॅपलमागच्या खोलीत. चॅपल म्हणजे त्यांचं साधं प्रार्थनाघर. मूर्ती नाही, सजावट नाही, नुसती बाकं आणि स्वच्छता, त्यामुळे मला ते लगेच आवडलं. किल्ली असते गेथिनच्या आजीकडे. तिचं नाव एलुनेड. गेथिन तिला 'मामगी' म्हणतो, म्हणजे आजीच. ती माझ्याच वयाची, तुरुतुरु चालणारी. बँडला खोली द्यायला चॅपलमधल्या काहींचा विरोध होता. तेव्हा ती सभेत म्हणाली होती म्हणे, "आपली तरुण मुलं चॅपलमध्ये येत नाहीत म्हणून तुम्ही रडता. ही दर आठवड्याला येतात, तर आवाज होतो म्हणून रडता. एक काय ते ठरवा."

तिने मला मनुका घातलेल्या गोल चपट्या गोड टिकल्या तव्यावरून गरम गरम दिल्या. आपल्या पुरणपोळीची लहान, कोरडी बहीण. मी चिवडा काढला. गेथिन मूठ भरून घ्यायचा, खायचा आणि पुन्हा मूठ भरायचा.

तेवढ्यात खोलीतून रेवाचा आवाज आला. "आजी!"

मी आनंदाने आत गेले. गालिचा उघडून ती गुडघ्यांवर बसली होती.

"आजी, इथले टेप कुठे गेले?"

"काढले मी. किती मळले होते! आणि धुऊनही काढलाय, बघ."

ओवेनला मराठी येत नाही, पण त्याने कपाळाला हात लावला. काय झालं ते मला गेथिनने इंग्रजीत, अगदी शाळेतल्या मुलाला सांगावं तसं समजावलं. रेवाचा ड्रम म्हणजे एक वाद्य नव्हे, डझनभर तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या स्टँडला तीन पाय. कार्यक्रमात आधीचा बँड उतरला की यांना काही मिनिटांत सगळं मांडावं लागतं. कोणता पाय कुठे ठेवायचा, त्याच्या खुणा म्हणजे त्या चिकटपट्ट्या. रेवा ज्या वेगाने वाजवते, त्या वेगात बघायला वेळ नसतो. झांज बोटभर सरकली तरी काठी हवेत जाते. त्या जागा तिने दोन वर्षांत, एकेक करून शोधल्या होत्या.

बाळांनो, मी आयुष्यभर पुस्तकांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. माझ्या ग्रंथालयात येऊन कोणी त्या सगळ्या साबणाने धुतल्या असत्या तर?

रेवाचे डोळे भरले होते, पण ती ओरडली नाही. "इट्स फाइन, आजी. आत्ता सेट करू, नवीन टेप लावू."

पण टेप लागेचना. गालिचा वरून कोरडा दिसत असला तरी आतून ओला होता. इकडे पट्टी चिकटवावी, तर तिकडची सुटून येई. रेवा एकेक झांज मांडून, वाजवून, पुन्हा सरकवत होती. नव्या गाण्यांच्या सरावाची दुपार त्यातच चालली होती.

"टेप नको," मी म्हटलं. "शिवू या. गोधडीला घालतो तसा टाका घातला तर ओला काय आणि कोरडा काय. एलुनेड, तुझ्याकडे लोकर आणि दाभण आहे?"

तिच्याकडे एक अख्खी टोपली होती. मग रेवाने पाय मांडून जागा पक्की करायची, खडूने खूण करायची, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी जमिनीवर बसून टाके घालायचे. लाल लोकर एका झांजेला, पिवळी दुसरीला. एलुनेडचे टाके माझ्याहून नेटके येत होते, हे मी तिला सांगितलं नाही.

शिवता शिवता कानावर बाकी तिघांचा सराव येत होता. बिर्गिटसाठी म्हणून त्यांनी दोन गाणी इंग्रजीत केली होती. एक झालं तेव्हा एलुनेडने मान वर केली.

"गेथिन, हे कोणाचं गाणं?"

"आपलंच, मामगी. बाबांच्या खाणीचं. फक्त इंग्रजी."

"हो का? मला वाटलं, विमा विकणाऱ्यांचं आहे."

"मामगी, ती बाई जर्मन आहे! तिला वेल्श कुठून कळणार?"

"आणि इंग्रजी तुला तरी कळतंय का, अशा आवाजात गाताना?"

रिस एवढा हसला की बेसचा पट्टा सुटला. पण गेथिन हसला नाही. सहा वर्षांचं सगळं एका शनिवारवर येऊन ठेपलं होतं, आणि त्याला कुठलाही धोका पत्करायचा नव्हता. दोन गाणी इंग्रजीतच राहिली.

संध्याकाळी एलुनेडने बटाटे, गाजर आणि लीक घातलेलं दाट सूप केलं. लीक ही कांद्याची पात समजा, पण मनगटाएवढी. एरवी त्यात मेंढीचं मांस असतं, ते तिने माझ्यासाठी वगळलं. जेवल्यावर शेजारपाजारची मंडळी गाण्याच्या तालमीला चॅपलमध्ये जमली. इथे मला एक नवी गोष्ट कळली. आपल्याकडे आरतीला चाल एकच असते, पण जो तो आपल्या वेगाने म्हणतो. यांच्याकडे वेग एक असतो आणि चाली चार. कोणी काही वाटून देत नाही. पोस्टमन खालचा सूर धरतो, दुकानवाली वरचा. लहानपणापासून प्रत्येकाला आपली ओळ ठाऊक असते. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. अर्थ कळत नव्हता, पण अंगावर काटा आला.

मैदान, शनिवार

आत्या सकाळी ब्रिस्टलहून आली आणि तिने आपले जादा गमबूट मला दिले. ते मला मोठे होते. कार्यक्रमाच्या मोठ्या तंबूकडे जाताना माझा पाय पुढे गेला आणि बूट चिखलात मागेच राहिला. मी एका पायावर, आत्याचा खांदा धरून उभी. इतक्यात मानेपर्यंत गोंदवून घेतलेला, दाढीवाला, दारातून वाकून जावं लागेल एवढा एक माणूस आला. त्याने बूट उपसून काढला, आतला चिखल झटकला, वाकून माझ्या पायात घातला आणि म्हणाला, "जरा जपून हं, डिअर." नंतर त्यानेच आपली घडीची खुर्ची आणून दिली आणि खिशातून कानात घालायचे बोळेही काढून दिले. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा निमूटपणे बोळे घातले.

सगळे काळ्या कपड्यांत. पुढच्या बाजूला तरुण मुलं गोल करून एकमेकांना धक्के मारत होती. मला मारामारीच वाटली. मग एक मुलगी पडली आणि आजूबाजूचे सगळे जागच्या जागी थांबले. चार हातांनी तिला उचललं, कोणी तिचा चष्मा शोधून दिला, आणि पुन्हा धक्काबुक्की सुरू. आपल्याकडच्या मिरवणुकांत एवढी शिस्त आली तर काय बहार होईल!

भर दुपारी आमची पाळी आली. आधीचा बँड उतरला, गालिचा अंथरला गेला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. रेवा वाकून लोकरीच्या खुणांवर स्टँड ठेवत गेली. लाल, पिवळा, निळा. वेळेत झालं. मी श्वास सोडला. पहिल्याच गाण्यात तिची काठी एकदा हवेत गेली. तो निळा टाका माझाच होता, रेघेच्या जरा बाहेर पडलेला. तिने पुढच्या ठोक्याच्या आत पायाने स्टँड ढकलला. मला सोडून ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिली दोन वेल्श गाणी लोकांनी डोकी हलवत ऐकली. मग गेथिनने इंग्रजी गाणं घेतलं. चुकलं काहीच नाही. पण तंबूच्या कडेचे लोक हळूहळू खाण्याच्या गाड्यांकडे निघाले. आमच्याबरोबर आलेल्या एलुनेडने कोपराने मला खुणावलं. गळ्यात ओळखपत्र आणि अंगात करडं जॅकेट असलेली एक उंच बाई, हीच बिर्गिट असणार, पाठ फिरवून बाहेर जात होती.

"गेली," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात समाधान असेल असं मला वाटलं होतं. ते नव्हतं.

रंगमंचावरून गेथिननेही ते पाहिलं. पुढचं गाणंही इंग्रजीच ठरलेलं होतं. तो मागे वळून रेवाशी काहीतरी बोलला. रेवाने मोठ्याने "नक्की?" असं विचारलं, गेथिनने होकाराची मान हलवली, आणि रेवा हसली. तिने काठ्या एकमेकींवर आपटून वेग दिला. तो त्या गाण्याचा वेग नव्हता, फार संथ होता. गेथिनने गुरगुरणं सोडून साध्या आवाजात एक वेल्श ओळ म्हटली. खाणीचंच गाणं, पण मूळचं. त्याच्या शेवटी ध्रुवपद म्हणून चॅपलमधलं एक जुनं प्रार्थनागीत येतं, ते त्याने सुरुवातीलाच घेतलं.

माझ्या शेजारी एलुनेडने वरचा सूर धरला. माझा बूट काढून देणाऱ्या त्या दाढीवाल्याने खालचा धरला. तो वेल्श आहे हे मला तेव्हा कळलं! मग तंबूत कुठून कुठून आवाज यायला लागले. इथे दोघं, तिथे पाच, चार चालींत, एका वेगात. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. बाकीच्यांना शब्द येत नव्हते, ते नुसते स्वर ओरडू लागले. मग रेवाने दोन्ही पायांनी मोठा ढोल सुरू केला, गिटारी त्यावर येऊन कोसळल्या, आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या तळाशी ते प्रार्थनागीत तसंच चालू राहिलं. आत्याने कानातला एक बोळा काढला.

बिर्गिट हातात कॉफीचा कप घेऊन तंबूच्या तोंडाशी परत आली होती. गाणं संपेपर्यंत तिने कप तोंडाला लावला नाही.

कार्यक्रमानंतर ती मागच्या बाजूला येऊन भेटली. आम्ही सगळे चिखलात उभे होतो. गेथिन घाईघाईने म्हणाला, "इंग्रजी गाणी अजून असू शकतात, आम्ही करतो आहोत..."

"का?" बिर्गिटने विचारलं. "त्या गाण्याला मी कॉफी आणायला गेले. इंग्रजीत गाणारे बँड माझ्याकडे रांगेत उभे आहेत. तुम्ही शेवटी जे म्हटलंत, ते रोज म्हणणार असाल तर चला. अर्धा तास मिळेल. नोव्हेंबर, हॅम्बुर्गपासून. व्हॅन तुमची तुम्ही आणायची."

रिसने खाली बसून डोकं हातांत धरलं. रेवाने आपल्या आईकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं.

मंजिरीने गळ्यातला स्कार्फ नीट केला आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते त्या आवाजात बिर्गिटला विचारलं, "व्हॅनला ड्रायव्हर तुम्ही देणार का? कार्यक्रम संपल्यावर रात्रीचं ड्रायव्हिंग आहे का? मुक्काम कुठे? आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये सुट्टी किती?"

बिर्गिट जरा बावरली. "तुम्ही यांच्या मॅनेजर का?"

"नाही, नाही," रेवा म्हणाली, "ती माझी मम आहे."

"मॅनेजरपेक्षा बरं," बिर्गिट म्हणाली आणि सगळी उत्तरं दिली. काही उत्तरं मंजिरीला पटली नाहीत, तेव्हा तिने ती पुन्हा विचारली. मग रेवाकडे वळून ती मराठीत म्हणाली, "सोमवारी लीव्हचा अर्ज टाक. आणि त्या व्हॅनला बर्फासाठीचे विंटर टायर आहेत का, ते गेथिनला आत्ता विचार. आत्ता, मी इथे असेपर्यंत."